फायबर ग्लासचं घरगुती विमान आणि ‘अर्थ’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या एका हँगरमध्ये शनिवार-रविवार मी लोकांच्या घरगुती विमानांचं वायरिंग करायला मदत करतो. विमानं बहुतेक करून अमेरिकी विमान-रचनाकार बर्ट रुतानच्या लाँग-ईझी या दोघांच्या घरगुती विमानाच्या घराण्यातली: निळा फोम गरम तारेने कापायचा, त्यावर काचेचं कापड आणि इपॉक्सी चढवायचं, झालं पंख. मराठी मित्रमंडळींकडून गेल्या काही वर्षांत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लाँग-ईझी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. तुमचं विमान दुसरं असेल तर आकडे बदलतील, तत्त्व नाही.

विमान हवेत असताना त्याला अर्थिंग कुठे देणार?

हा प्रश्न प्रत्येक जण हसत हसत विचारतो, पण आहे मुद्द्याचा. आपल्या डोक्यात अर्थिंग म्हटलं की घरामागचा खड्डा येतो. त्यात कोळसा, मीठ, उभा पाइप, आणि उन्हाळ्यात आजोबा त्यात बादलीभर पाणी ओतायचे. ते माणसाला शॉक लागू नये म्हणून. विमानातल्या १२ व्होल्टला तशा खड्ड्याची गरज नाही.

विमानातला ‘अर्थ’ हा गॅरेजमधल्या मिस्त्रीचा अर्थ आहे. गाडीचा दिवा लागेना की तो म्हणतो, “अर्थ मिळत नाही.” म्हणजे बॅटरीच्या प्लसकडून निघालेल्या करंटला मायनसकडे परतायची वाट नाही.

खरा घोळ पुढे आहे. या एका शब्दात चार वेगवेगळी कामं कोंबलेली आहेत: करंटची परतीची वाट, अँटेनाला लागणारा धातूचा पृष्ठभाग, अंगावर साठलेल्या स्थिर विजेचा निचरा, आणि आकाशातल्या विजेपासून बचाव. धातूच्या विमानात ही चारही कामं एकच पत्रा फुकटात करतो. फायबर ग्लासच्या विमानात प्रत्येक काम वेगळं करावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या तरी या चारांची गल्लत केल्यामुळे येतात.

सेसनात हा प्रश्न का येत नाही?

सेसना १७२ या छोट्या विमानाचं जवळजवळ सगळं अंग ॲल्युमिनियमचं. शेपटीच्या दिव्याला एकच तार नेतात आणि परतीचा करंट पत्र्यातून येतो. एवढा रुंद पत्रा म्हणजे जवळजवळ शून्य रोध.

काच आणि इपॉक्सी दोन्ही विजेचे दुर्वाहक. १९७९ साली पहिल्यांदा उडालेल्या लाँग-ईझीत तर चाकांचे मुख्य पायसुद्धा काचेच्या धाग्यांचे आहेत. पार्किंगमध्ये पुढचं चाक आत घेऊन ते नाक जमिनीला टेकवून उभं राहतं, तेही रबराच्या ठोकळ्यावर. म्हणजे जमिनीवर असतानासुद्धा त्याचा जमिनीशी विजेचा संबंध नाही म्हटलं तरी चालेल.

मग प्रत्येक उपकरणाला दोन तारा न्यायच्या?

हो. प्लसची जेवढी जाड, तेवढीच जाड मायनसची. वजन थोडं वाढतं, कुरकुर करू नका.

याचा एक फायदा धातूच्या विमानवाल्यांना सहज मिळत नाही. जाणारी आणि येणारी तार एकमेकींभोवती पिळून नेली की दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात. होकायंत्राजवळून किंवा पंखातल्या मॅग्नेटोमीटरजवळून (दिशा ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर) दिव्याची तार जात असेल तर हा पीळ फार मोलाचा. दिवा लावल्यावर दिशा पाच-सात अंशांनी सरकली की आधी पीळ आहे का ते बघा. मी एका विमानात दोन्ही तारा पंखाच्या दोन वेगवेगळ्या खोबणींतून नेलेल्या पाहिल्या आहेत, ‘शॉर्ट होऊ नये म्हणून’. मॅग्नेटोमीटर त्या दोन तारांच्या बरोबर मध्ये होता.

“सगळ्या काळ्या तारा एका जागी आणा” म्हणतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी हे का करायचं ते. ऊस वाहणारी ट्रॅक्टरची ट्रॉली रात्री पुढे चाललेली आठवा. चालक उजवीकडचा इंडिकेटर लावतो आणि मागचा ब्रेकचा दिवा त्याच तालात मंद लुकलुकतो. ट्रॉलीचा अर्थ सुटलेला असतो, म्हणून इंडिकेटरचा करंट ब्रेकच्या बल्बमधून उलटा घुसून घरी जायची वाट शोधतो. पूर्ण सुटलेला अर्थ असा डोळ्यांना दिसतो. अर्धवट अर्थ दिसत नाही, कानांना ऐकू येतो किंवा काटे हलवतो.

आता हिशेब. समजा लँडिंग लाइट ८ अँपिअर घेतो, आणि त्याची आणि रेडिओची परतीची तार एकच आहे: १८ गेज (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक), २ मीटर. या तारेचा रोध मीटरला साधारण २१ मिलिओहम, दोन मीटरला ४२. ८ अँपिअर गुणिले ४२ मिलिओहम म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश व्होल्ट. दिवा लावला की रेडिओचा ‘शून्य’ तेवढा वर उचलला जातो. रेडिओला वाटतं आपण शून्यावर उभे आहोत. माइकचं शून्य दुसरीकडेच असतं.

म्हणून प्रत्येकाची परतीची तार वेगळी, आणि सगळ्या एकाच बिंदूवर. प्रत्यक्षात हा बिंदू म्हणजे पितळेची एक पट्टी. तिच्यावर पाव इंची सपाट टॅबच्या दोन-तीन ओळी डाखलेल्या, आणि पट्टी पितळेच्या बोल्टने फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, बसवलेली. तोच बोल्ट आरपार जातो आणि पलीकडच्या, इंजिनाच्या बाजूलाही तशीच पट्टी असते. प्रत्येक तारेच्या टोकाला नीट क्रिंप केलेली, म्हणजे चेपून घट्ट बसवलेली, क्लिप, एका टॅबवर एकच तार. बोल्टखाली एकावर एक सहा लग (तारेच्या टोकाच्या धातूच्या कड्या) रचलेले दिसले की मी सगळं खोलायला लावतो. त्या चळतीतला मधला लग सैल आहे की घट्ट, हे बाहेरून कोणालाच कळत नाही.

नाजूक उपकरणांसाठी मी पॅनेलमागे २५ पिनांचा कनेक्टर लावतो, त्याच्या सगळ्या पिना मागून तांब्याच्या पट्टीने एकत्र जोडलेल्या. रेडिओ, इंटरकॉम, जीपीएस, इंजिन मॉनिटर यांचे मायनस तिथे. दिवे, पंप, सर्व्हो (ऑटोपायलटच्या मोटरी) असली धटिंगणं तिथे येऊ द्यायची नाहीत.

बॅटरी नाकात आणि इंजिन शेपटीकडे. मग मध्यबिंदू कुठला?

लाँग-ईझीची खरी डोकेदुखी हीच. तोल साधायला बॅटरी नाकात, आणि पंखा (प्रोपेलर) मागून ढकलणारा, म्हणून इंजिन सगळ्यात मागे. मधे साधारण चार मीटर. इथे एका बिंदूचा हट्ट सोडायचा आणि दोन पट्ट्या ठेवायच्या: एक पॅनेलपाशी, एक फायरवॉलवर, आणि दोघींना जोडणारी बॅटरीची जाड मायनस केबल. पॅनेलवरचं सगळं पुढच्या पट्टीवर, इंजिनाजवळचं मागच्या. एकाच उपकरणाचा अर्थ दोन्हीकडे कधीही नाही.

केबल २ गेजची घ्यावी. तिचा रोध मीटरला सुमारे अर्धा मिलिओहम. जायचे चार आणि यायचे चार मीटर मिळून ४ मिलिओहम. स्टार्टरने २०० अँपिअर ओढले तर ०.८ व्होल्ट नुसत्या तारेत गेले. हे चालतं. ६ गेज वापरून वजन वाचवायला गेलात तर हाच आकडा अडीच पट होतो, आणि थंडीतल्या सकाळी पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो.

आठ मीटरमध्ये नुसतं तांबं अडीच किलोच्या आसपास भरतं. म्हणून काही जण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल वापरतात. ती चालते, पण तिला जास्त जाडी लागते आणि तिची टोकं बांधायचं काम माहितगाराकडूनच करून घ्यावं.

इंजिन फायरवॉलला बोल्टने बसवलंच आहे. वेगळी पट्टी कशाला?

कारण मधे रबर आहे. इंजिनाची थरथर विमानात येऊ नये म्हणून ते रबरी गुटक्यांवर टांगलेलं असतं. इंजिन आणि फायरवॉलच्या बोल्टमध्ये तांब्याची विणलेली लवचिक पट्टी हवीच.

ती विसरलात तरी इंजिन बहुधा सुरू होईल, आणि घात तिथेच आहे. २०० अँपिअर दुसरी वाट शोधतात: थ्रॉटलची केबल, मिक्श्चरची (इंधन-हवेचं प्रमाण बदलणारी) केबल, किंवा इंधनाच्या नळीवरची स्टीलची जाळी. आमच्या हँगरमध्ये एका गृहस्थांनी इंजिन उतरवून परत चढवलं आणि पट्टी टेबलावरच राहिली. तीन वेळा स्टार्टर मारला. तिसऱ्या वेळी प्लास्टिक जळाल्याचा वास आला, आणि थ्रॉटल पुढेही जाईना, मागेही येईना. केबलचं आतलं अस्तर वितळून तारेला चिकटलं होतं. हे जमिनीवर झालं म्हणून आज गंमत म्हणून सांगता येतं. जुन्या जीपवाल्यांना हा प्रकार नवा नाही.

लँडिंग लाइट लावला की तेलाचं तापमान वाढतं. तेल खरंच तापतंय का?

नाही. हा माझा आवडता प्रश्न, कारण उत्तर तारेतच सापडतं.

स्वस्त सेन्सरला एकच टर्मिनल असतं. त्याची परतीची वाट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. मीटर मात्र पॅनेलच्या पट्टीला शून्य मानतं. आल्टरनेटर मागे, दिवा पुढे, त्यामुळे दिव्याचा करंट परतताना पुढच्या पट्टीकडून मागे जातो आणि पुढचं ‘शून्य’ मागच्यापेक्षा किंचित वर राहतं. मीटरला सेन्सरवरचा व्होल्टेज कमी दिसतो. कमी व्होल्टेज म्हणजे कमी रोध, म्हणजे जास्त तापमान, असा त्याचा निष्कर्ष.

चांगल्या केबलमध्ये ८ अँपिअरला हा फरक १६ मिलिव्होल्ट, काटा हललेला दिसायचाही नाही. काटा दिसण्याइतका हलतो म्हणजे वाटेत कुठेतरी सांधा खराब आहे. २० मिलिओहमचा एक सैल लगसुद्धा १६० मिलिव्होल्ट खातो. म्हणून आधी सांधे उघडा, घासा, परत आवळा. तरीही राहिलं तर दोन टर्मिनलचा सेन्सर घ्या, म्हणजे त्याचं शून्य तो स्वतःच्या तारेने मीटरपर्यंत घेऊन येईल.

हेडफोनमध्ये शिट्टी येते, आणि इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा सूर चढतो.

आल्टरनेटर. बारा ध्रुवांचा, तीन फेजचा नेहमीचा आल्टरनेटर एका फेऱ्यात ३६ लाटा देतो. मिनिटाला ५००० फेरे असतील तर बरोबर ३००० हर्ट्झ, म्हणजे कानाला सगळ्यात जास्त बोचणारा सूर.

लोक लगेच फिल्टर विकत आणतात. थांबा, आधी आवाज कुठून शिरतो ते शोधा. इंटरकॉमची प्लसची आणि मायनसची तार काढून त्याला वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी लावा, विमानाच्या वायरिंगला न जोडता. शिट्टी गेली तर ती पुरवठ्याच्या तारेतून येत होती. राहिली तर माइक-हेडफोनच्या तारांतून येते, आणि मग बहुतेक वेळा दोष एकाच ऑडिओचा अर्थ दोन ठिकाणी जोडला गेल्याचा असतो.

पॅनेल ॲल्युमिनियमचं असेल तर हेडफोनच्या जॅकचा धातूचा गळा पत्र्याला टेकतो आणि दुसरी वाट तयार होते. त्यावर इलाज म्हणजे दोन्ही बाजूंनी फायबरचे वॉशर, काही रुपयांचं काम. पॅनेल काचेचंच असेल तर जॅक आपोआप अलग राहतो, फक्त त्याचा अर्थ तुम्ही हौसेने पट्टीला जोडू नका. त्याची परतीची वाट शील्डमधून (तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) इंटरकॉमपर्यंत जाते, तेवढी पुरते.

शील्ड अर्थला एका टोकाला जोडायची की दोन्ही?

ऑडिओच्या तारेची एका टोकाला, उपकरणाच्या बाजूला. अँटेनाच्या कोॲक्सची (मधे गाभा, भोवती जाळी अशी टीव्हीसारखी केबल) दोन्ही टोकांना, कारण तिथे शील्ड हा सर्किटचाच भाग आहे. दुसऱ्या उपकरणांबद्दल त्यांचं पुस्तक सांगेल ते करा, माझंही ऐकू नका.

मॅग्नेटोच्या स्विचचा अर्थ कुठे?

हे मात्र नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर हात जातो.

मॅग्नेटो म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र, आणि तो स्वतःची वीज स्वतः बनवतो. स्विच ‘बंद’ करणं म्हणजे त्याची तार अर्थला जोडणं. तार तुटली किंवा अर्थ सुटला, तर किल्ली बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि हाताने पंखा फिरवला तर इंजिन धडकन पेटू शकतं. धातूच्या विमानात स्विच पॅनेलच्या पत्र्याला अर्थ होतो तरी निभावतं. आपल्या विमानात शील्ड असलेली तार घ्या, शील्ड मॅग्नेटोच्या कवचापाशी इंजिनाला जोडा आणि दुसरं टोक स्विचच्या अर्थच्या टर्मिनलला. स्विचचं ते टर्मिनल पॅनेलच्या पट्टीला जोडू नका. जोडलंत तर मॅग्नेटोची टकटक थेट रेडिओत येईल.

उड्डाण संपल्यावर मंद गतीला किल्ली क्षणभर बंद करून बघा. इंजिन मेलं पाहिजे. नाही मेलं तर पंख्याला कोणालाही हात लावू देऊ नका.

अँटेनाचा ग्राउंड बॅटरीच्या मायनसला जोडू का?

नाही. हे ते दुसरं काम. सेसनाच्या छतावरची उभी दांडी म्हणजे अर्धीच अँटेना, उरलेली अर्धी खालचा पत्रा पुरवतो. काचेच्या छतावर तीच दांडी लावून तिच्या बुडाला बॅटरीपासून काळी तार आणली तर रेडिओच्या दृष्टीने ती निव्वळ एक लांब भरकटलेली तार.

रेडिओच्या वारंवारितेचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा. त्यासाठी पूर्ण डायपोल करायचा: तांब्याच्या चिकटपट्टीचे दोन हात, प्रत्येक साधारण ५५ सेंटीमीटर, कोॲक्सचा गाभा एकाला, शील्ड दुसऱ्याला, आणि कोॲक्सवर सांध्यापाशी फेराइटच्या (नको ती रेडिओलहर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) दोन-तीन कड्या. रुतानच्या विमानांसाठी ही लपवलेली अँटेना जिम वेअर यांनी लोकप्रिय केली. लाँग-ईझीत ती पंखाच्या टोकाच्या उभ्या पंखुडीत काचेच्या थरांखाली जाते. बाहेरून काही दिसत नाही, वाऱ्यालाही काही लागत नाही. काचेतून रेडिओलहर आरपार जाते, ही या साहित्याची मोठी दौलत.

ट्रान्सपॉन्डरचं (रडारला उत्तर देणाऱ्या उपकरणाचं) १०९० मेगाहर्ट्झ, तिथे पाव तरंगलांबी जेमतेम ७ सेंटीमीटर. त्याच्या छोट्या दांडीखाली १५ सेंटीमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची थाळी ठेवली की काम झालं. तिलाही बॅटरीची तार नको.

बोलायचं बटण दाबलं की ऑटोपायलट गचका मारतो.

धातूची भिंत मधे नाही, म्हणून तुमचीच लहर तुमच्याच तारांत शिरते. हा अर्थचा दोष नाही, जाड काळी तार लावून जाणार नाही. अँटेना लांब न्या, सर्व्होच्या तारा पिळा, त्यांवर फेराइट चढवा.

कार्बन फायबर वीज वाहून नेतं. परतीला तेच वापरलं तर?

नको. कार्बनचा रोध ॲल्युमिनियमच्या हजारेक पट असतो, आणि सांध्याचा भरवसा नाही. शिवाय ॲल्युमिनियमला कार्बन टेकलं आणि ओल आली की ॲल्युमिनियम कुजतं. कार्बनच्या कवचामागे अँटेनाही ठेवू नका, तिथून लहर बाहेर पडत नाही.

पेट्रोल भरताना ठिणगीची भीती किती?

खरी आहे. टाकी काचेची, झाकणाची धातूची कडी काचेत एकटी अडकलेली. नळीतून वाहणारं पेट्रोल विजेचा भार निर्माण करतं आणि त्या कडीला तो सोडायला वाट नसते. म्हणून टाकीच्या आतून कडीपासून खालच्या धातूच्या निचऱ्यापर्यंत एक तार सोडायची आणि तिथून ती फायरवॉलच्या पट्टीला जोडायची. भरताना आधी पंपाची अर्थची क्लिप एक्झॉस्टच्या पाइपला लावा, मग नोझल कडीला टेकवा, मग झाकण उघडा. प्लास्टिकचं नरसाळं घरी ठेवा. कॅनमध्ये पेट्रोल भरायचं असेल तर कॅन आधी जमिनीवर ठेवा, गाडीच्या प्लास्टिकच्या गालिच्यावर नाही.

इथे तारेची जाडी बिनमहत्त्वाची, भार अत्यल्प असतो. तार तुटलेली नाही एवढंच बघायचं.

आणि आकाशातली वीज?

वरचं काहीही तिच्यापुढे टिकत नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी इंग्लंडमध्ये डन्स्टेबलजवळ एएसके २१ हे काचेचं ग्लायडर विजेने हवेतच फोडलं. काचेतून वाट नव्हती म्हणून करंट पंखातल्या धातूच्या दांड्यांतून गेला. चुंबकीय दाबाने नळ्या चेपल्या आणि आतल्या तापलेल्या हवेने पंखाचं कवच उकललं. दोघेही पॅराशूटने उतरले आणि वाचले.

बोईंग ७८७च्या कार्बनच्या कातडीत यासाठी धातूची जाळी घालतात. घरगुती विमानात ती सहसा नसते. तेव्हा ढगांचा गडगडाट असेल तर हँगरचं दार लावा आणि चहा टाका.

सगळं झालं. आता तपासायचं कसं?

मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर नाही. मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध एक-दोन दशांश ओहम असतो. आपण शोधतोय तो रोध त्याच्या शंभराव्या भागाएवढा. अमेरिकी विमान वाहतूक खात्याच्या दुरुस्तीविषयीच्या एसी ४३.१३ या पुस्तिकेत बाँडिंगच्या (धातूचे भाग विजेने एकमेकांना जोडणाऱ्या) सांध्यासाठी ०.००३ ओहमची मर्यादा आहे, ती या मीटरवर दिसणारच नाही.

करंट वाहू द्या आणि मिलिव्होल्ट मोजा. इंजिन बंद, बॅटरी भरलेली, सगळे दिवे आणि पंप चालू, म्हणजे समजा २० अँपिअर. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर (लगवर नाही, खांबावरच), दुसरं पॅनेलच्या पट्टीवर. २० मिलिव्होल्ट आले तर वाट एका मिलिओहमची. मागच्या भागासाठी स्टार्टर फिरवताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत मोजा. त्यासाठी स्पार्क प्लग काढून ठेवा आणि पंख्यापाशी कोणी नाही याची खात्री करा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक.

आकडे तारखेसह वहीत लिहा. एका लाँग-ईझीच्या वहीत पॅनेलच्या पट्टीचा आकडा तीन वर्षं २२ मिलिव्होल्ट होता आणि एका फेब्रुवारीत ६१ निघाला. बोल्टखालचा दातेरी वॉशर कोणीतरी सफाई करताना काढून साधा घातला होता.